निकषाची मराठी कोणाची? भाषाप्रतिमानांचे मूल्यमापन आणि बोरीची काही वाक्ये

१

'मूल्यमापन' हा शब्द मराठी समीक्षेने दीर्घकाळ आपला मानलेला आहे. साहित्यकृतीचे मूल्य मापता येते काय, येत असल्यास कोणत्या निकषांनी, आणि हे निकष कृतीच्या आतून उद्भवतात की बाहेरून लादले जातात, या प्रश्नांवर आपल्याकडे मर्ढेकरांपासून नेमाड्यांपर्यंत पुष्कळ वादविवाद झाले. या वादांतून एक गोष्ट बहुतेकांना मान्य झाली : निकष निरागस नसतो. तो कुठल्यातरी परंपरेतून, कुठल्यातरी वर्गाच्या अभिरुचीतून आणि कुठल्यातरी सत्ताकेंद्रातून आलेला असतो, आणि म्हणून कृतीइतकीच निकषाचीही समीक्षा करावी लागते.

हाच शब्द आज संगणकविद्येच्या क्षेत्रात मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. लार्ज लँग्वेज मॉडेल या नावाने ओळखली जाणारी विशाल भाषाप्रतिमाने भाषांतर आणि भाषाशिक्षण या दोन्ही कामांसाठी कितपत योग्य आहेत, याचे मूल्यमापन जगभर चालू आहे. त्याचे गुणांक प्रसिद्ध होतात, तक्ते लागतात, आणि त्या तक्त्यांत मराठीलाही एक रकाना असतो. तो रकाना भरताना कोणती मराठी प्रमाण मानली गेली, हा प्रश्न मात्र मराठीच्या अभ्यासकांनी फारसा विचारलेला नाही. संगणकतज्ज्ञांनी तो विचारावा अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे. तो त्यांचा विषय नाही. तो आपला विषय आहे.

प्रस्तुत लेखक मूळचा परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यातल्या बोरी या गावचा, आणि मराठीचे अध्यापन हा त्याचा व्यवसाय. जिंतूर-परभणी रस्त्यावरचे हे गाव. भोवती काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी. आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्यातांड्यांवरची माणसे इथे येतात, आणि त्या एका दिवसात मराठीच्या जितक्या छटा कानांवर पडतात तितक्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत. या लेखातला विचार त्या बाजाराच्या बाजूने केलेला आहे. याचा अर्थ तो बाजार शहाणा आणि प्रयोगशाळा अडाणी, असा नाही. निकष जिथून पाहिला जातो त्या जागेप्रमाणे त्याचे स्वरूप बदलते, एवढेच इथे गृहीत धरले आहे.

२

यंत्रभाषांतराचे मूल्यमापन कसे होते हे आधी थोडक्यात पाहिले पाहिजे, कारण मुद्द्याचे मूळ त्या पद्धतीत आहे. २००२ साली आयबीएमच्या संशोधकांनी 'ब्ल्यू' नावाची मोजणी मांडली. तिचे तत्त्व साधे आहे. एखाद्या वाक्याचे माणसाने केलेले भाषांतर संदर्भ म्हणून समोर ठेवायचे आणि यंत्राच्या भाषांतरातील एक, दोन, तीन व चार शब्दांचे गट त्या संदर्भाशी किती जुळतात ते मोजायचे. जुळणी जितकी अधिक तितका गुणांक मोठा. इंग्रजीसारख्या भाषेला हे बऱ्यापैकी मानवते. मराठीत मात्र विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाच्या सामान्यरूपाला चिकटून येतात. संदर्भात 'शेतात' असेल आणि यंत्राने 'शेतामध्ये' लिहिले, तर अर्थ तोच असूनही जुळणी शून्य. यंत्राने 'रानात' किंवा 'वावरात' लिहिले तर तीही शून्य. ही अडचण ओळखून २०१५ साली शब्दांऐवजी अक्षरांच्या गटांची जुळणी पाहणारी 'सीएचआरएफ' ही मोजणी पुढे आली, आणि २०२० साली माणसांनी दिलेल्या गुणांवरून शिकलेली 'कॉमेट' ही पद्धत. 'शेतात' आणि 'शेतामध्ये' यांचे भांडण त्यामुळे बरेचसे मिटले. 'शेत' आणि 'वावर' यांचे मिटले असे म्हणता येत नाही, कारण त्यांच्यात समान अक्षर एकही नाही, आणि गुण देणाऱ्या माणसाला 'वावर' ठाऊक होते की नाही यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

याहून महत्त्वाचा प्रश्न संदर्भसंहितेचा आहे. २०२२ साली मेटा कंपनीने 'नो लँग्वेज लेफ्ट बिहाइंड' या प्रकल्पात सुमारे २०० भाषांसाठी 'फ्लोरेस-२००' हा कसोटीसंच सिद्ध केला. त्यात मराठी आहे, आणि जगातील बहुतेक प्रतिमानांची मराठी कधी ना कधी या संचावर तपासली जाते. या संचात ३००१ वाक्ये आहेत. ती विकिन्यूज, विकिज्युनियर आणि विकिव्हॉयेज या इंग्रजी स्रोतांतून घेतलेली असून व्यावसायिक भाषांतरकारांनी ती त्या त्या भाषेत नेली आहेत. म्हणजे ज्या मराठीवर यंत्राची मराठी तपासायची ती मराठी मुळात इंग्रजीतून आलेली आहे. तिच्यातील वाक्यांचे विषय, त्यांची लांबी, उपवाक्यांची मांडणी, सारे इंग्रजीच्या गरजेतून ठरले आहे. मराठीतून इंग्रजीत जाण्याची परीक्षाही याच वाक्यांवर घेतली जाते, तेव्हा तर इंग्रजीतून निघालेले वाक्य परत आपल्या घरी जाते की नाही एवढेच तपासले जाते. मुळात भाषांतरित असलेला मजकूर पुन्हा भाषांतरित करणे यंत्राला सोपे जाते आणि त्यामुळे गुणांक फुगतात, हे यंत्रभाषांतराच्या अभ्यासकांनीच दाखवून दिले आहे.

भारतात या दिशेने चांगले काम झाले आहे, हे नमूद केले पाहिजे. मद्रास आयआयटीतील 'एआयफॉरभारत' या गटाने २०२३ साली आठव्या अनुसूचीतील २२ भाषांसाठी 'इंडिकट्रान्स-२' हे भाषांतर-प्रतिमान प्रसिद्ध केले आणि त्यासोबत भारतीय विषयांचा, दैनंदिन संभाषणांचाही समावेश असलेला स्वतंत्र कसोटीसंच दिला. पुण्याच्या 'एलथ्रीक्यूब' या गटाने २०२२ साली 'महाकॉर्पस' हा सुमारे २ कोटी ४८ लाख मराठी वाक्यांचा संग्रह खुला केला. मात्र या संग्रहाचाही मोठा भाग बातम्यांचा आहे. यंत्राला उपलब्ध असलेली मराठी ही लिहिलेली, छापलेली, आणि त्यातही वृत्तपत्रांनी छापलेली मराठी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या सुमारे ८ कोटी ३० लाख आहे. यांपैकी बहुतेकांचे बोलणे या संग्रहांत कधीच उतरलेले नाही.

अलीकडे या व्यवस्थेत आणखी एक टप्पा वाढला आहे. एका प्रतिमानाचे उत्तर दुसऱ्या, अधिक मोठ्या प्रतिमानाकडून तपासून घेण्याची प्रथा रूढ होत आहे. परीक्षार्थी आणि परीक्षक एकाच मजकुरावर वाढलेले असतील, तर परीक्षकाला परीक्षार्थ्याची भाषा निर्दोष वाटणे स्वाभाविक आहे. समीक्षेच्या क्षेत्रात अशा स्थितीला आपण कंपूशाही म्हणत आलो.

३

ही चर्चा अमूर्त राहू नये म्हणून गेल्या काही सत्रांत मी पदव्युत्तर वर्गात एक उपक्रम केला. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील, घरातील, एस.टी. स्टँडवरील, रानातील वाक्ये जशीच्या तशी टिपून आणायची. प्रचलित प्रतिमानांकडून त्यांचे इंग्रजी भाषांतर आणि 'शुद्ध मराठी' रूपांतर करवून घ्यायचे. आणि मग उत्तराची चर्चा करायची. यातून टक्केवारी काढण्याचा हेतू नव्हता. चूक कोणत्या जातीची आहे हे पाहायचे होते.

पहिले वाक्य साधे होते : 'माय भाकरी करायलीय.' परभणीकडे 'करायलीय' म्हणजे 'करीत आहे'. क्रिया चालू असल्याचे दाखविणारे हे रूप मराठवाड्याच्या मोठ्या भागात सर्रास आहे, 'काय करायलास?' हा इथला नेहमीचा प्रश्न. प्रमाण मराठीत 'करायला' हे हेतू दाखविणारे कृदन्त आहे. यंत्राने या वाक्याचा अर्थ 'आईला भाकरी करायची आहे' असा लावला. चालू असलेली क्रिया भविष्यात गेली. भाकरी तव्यावर असताना ती अजून करायची आहे असे सांगितले गेले. हा दोष शब्दसंग्रहाचा नाही. बोलीला स्वतःचे व्याकरण असते, तिची क्रियापदव्यवस्था प्रमाणभाषेचे बिघडलेले रूप नसते, हे भाषाविज्ञानाचे पहिल्या वर्षाचे सूत्र इथे नाकारले गेले आहे.

दुसरे वाक्य : 'मामा आखाड्यावर झोपलेत.' परभणी-हिंगोली-नांदेड भागात 'आखाडा' म्हणजे शेतातली गोठ्याची, वस्तीची जागा. गुरे तिथे बांधतात, अवजारे तिथे ठेवतात, राखणीला माणूस तिथेच झोपतो. हिंगोली जिल्ह्यातील आखाडा बाळापूर हे गावाचे नाव सर्वांना परिचित आहे. यंत्राने मामांना कुस्तीच्या हौद्यात झोपविले. 'कापसाच्या वावरात' या शब्दांतील 'वावर' म्हणजे शेत. यंत्राला त्यात 'हालचाल, संचार' हा प्रमाण मराठीतील अर्थ दिसला. वर्गात यावर हशा झाला, आणि तो स्वाभाविकही होता. तथापि या दोन्ही उदाहरणांत यंत्राने निरर्थक काही सांगितलेले नाही. शब्दाचा एक खरा अर्थ त्याने दिला आहे. फक्त तो ज्यांचा अर्थ आहे ती माणसे निराळी आहेत.

तिसऱ्या वाक्यावर कोणी हसले नाही. 'यंदा दुबार पेरणी करावी लागली.' मृगाचा पाऊस पडला, पेरणी झाली, नंतर पावसाने ओढ दिली, उगवलेले कोंब करपले, आणि पुन्हा बी-खत विकत घेऊन तेच रान दुसऱ्यांदा पेरावे लागले, असा सारा इतिहास 'दुबार पेरणी' या दोन शब्दांत आहे. कर्ज हा शब्द त्यात उच्चारलेला नसतो. तो ऐकणाऱ्याला कळतो. यंत्राने त्याचे भाषांतर वर्षातून दोन पिके घेण्याला इंग्रजीत जी संज्ञा आहे तिने केले. दुबार पीक हे समृद्धीचे लक्षण. दुबार पेरणी हे संकटाचे. वाक्यरचना निर्दोष, शब्द जवळचे, आणि अर्थ नेमका उलटा. गुणांकाच्या पद्धतीत ही चूक लहान दिसेल, कारण जुळलेल्या शब्दांची संख्या बरीच आहे. शेतीविषयक सल्ला यंत्राद्वारे देण्याच्या योजना आज प्रत्यक्षात आल्या आहेत. केंद्र शासनाने २०२३ साली पीएम-किसान योजनेसाठी 'किसान ई-मित्र' सुरू केले; महाराष्ट्र शासनाने २०२५ साली २०२५ ते २०२९ या काळासाठी 'महाॲग्री-एआय' धोरण स्वीकारले. अशा वेळी ही चूक किती मोठी मानायची, याचे उत्तर शब्दांच्या मोजणीतून मिळणार नाही.

एका विद्यार्थ्याने यंत्राकडून मराठीत लिहून घेतलेला पिकाविषयीचा सल्ला आपल्या आजोबांना वाचून दाखविला. तो व्याकरणशुद्ध होता आणि त्यातील माहितीही बरोबर होती. आबांनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि विचारले, 'हे कोण बोलायलंय, रे?' विद्यार्थ्याने वर्गात हे सांगितले तेव्हा मला त्यात समीक्षेचा एक जुना प्रश्न ऐकू आला. संहितेचा बोलणारा कोण, तो कोणाला उद्देशून बोलतो, आणि ऐकणाऱ्याशी त्याचे नाते काय, हे आपण निवेदनमीमांसेत विचारतो. शेतकऱ्याला सल्ला देणारा माणूस त्याला 'मामा' म्हणतो, 'आबा' म्हणतो, निदान 'पाहा' असे म्हणून थांबतो. यंत्राच्या मराठीत असे थांबणे नव्हते. ती कोणालाच उद्देशून नव्हती.

४

हा प्रश्न एकट्या मराठीचा नाही. रोमानियन भाषेचे उदाहरण इथे उद्‌बोधक ठरेल. तिचे मातृभाषक मराठीच्या एक तृतीयांशाहूनही कमी, अडीच कोटींच्या आसपास. पण यंत्रभाषांतराच्या क्षेत्रात ती फार आधी आली. २०१६ च्या डब्ल्यूएमटी या वार्षिक स्पर्धेत इंग्रजी-रोमानियन ही जोडी होती आणि त्या वर्षाचा कसोटीसंच पुढे अनेक संशोधकांनी वापरला. २०२४ साली 'ओपनएलएलएम-आरओ' या समूहाने खास रोमानियनसाठी भाषाप्रतिमाने सिद्ध केली. त्यांना शिकविण्यासाठी आणि तपासण्यासाठी लागणारे साहित्य मात्र बऱ्याच अंशी इंग्रजीतून रोमानियनमध्ये भाषांतरित करावे लागले. भाषा स्वतःची, प्रतिमान स्वतःचे, आणि प्रश्नपत्रिका भाषांतरित, अशी ही अवस्था आहे.

रोमानियनच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिने सिरिलिक लिपी सोडून रोमन लिपी स्वीकारली, आणि त्याच काळात स्लाव शब्द मागे सारून लॅटिन मूळ पुढे आणण्याचा प्रयत्न झाला. शेजारच्या मोल्दोव्हात हीच भाषा दीर्घकाळ 'मोल्दोव्हन' या निराळ्या नावाने नांदली. २०२३ साली तिथल्या संसदेने राजभाषेचे नाव रोमानियन असे निश्चित केले. प्रमाणभाषा हा अशा निर्णयांचा साठा असतो. यंत्र त्या निर्णयांचा निकाल तेवढा शिकते. त्यामागचा वाद शिकत नाही. मोडी मागे पडून देवनागरी स्थिरावली, १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे १४ नियम केले, १९७२ साली त्यांत आणखी ४ ची भर पडली, हा आपला असाच साठा आहे. यंत्राची शुद्ध मराठी म्हणजे या साठ्याचे वृत्तपत्रीय रूप.

५

मराठवाड्याला भाषांतराने घडविलेल्या शिक्षणाचा अनुभव नवा नाही. हैदराबाद संस्थानात १९१७ साली भाषांतर विभाग स्थापन झाला आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, आणि त्यासाठी विज्ञान, इतिहास, तत्त्वज्ञान यांची शेकडो पुस्तके उर्दूत आणली गेली. मौलवी अब्दुल हक या विभागाचे पहिले प्रमुख. तत्कालीन औरंगाबादशी त्यांचा दीर्घ संबंध होता. वहीदुद्दीन सलीम यांनी परिभाषानिर्मितीच्या तत्त्वांवर १९२१ साली स्वतंत्र ग्रंथच लिहिला. एकेका संज्ञेवर मंडळींनी वाद घातले : अरबी धातू घ्यावा की फारसी, की रूढ हिंदुस्थानी शब्द ठेवावा.

या प्रयोगाची दोन अंगे आहेत. परभणीच्या मराठी मुलाच्या दृष्टीने तो आपल्या भाषेतला प्रयोग नव्हता. घरी मराठी, शाळेत उर्दू, आणि पलीकडे इंग्रजी, असे तीन घाट चढून त्याला ज्ञानापर्यंत जावे लागे; १९४८ नंतर ही व्यवस्था बदलली. परंतु दुसरे अंगही तितकेच खरे आहे. त्या भाषांतराला कर्ते होते. संज्ञा कोणी केली, का केली, कोणी विरोध केला, हे नोंदलेले होते, आणि म्हणून त्यावर टीका करता येत होती. महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६२ साली पदनाम कोश निघाला, तेव्हा त्यातल्या संस्कृतप्रचुर शब्दांची यथेच्छ थट्टा झाली. ती थट्टा हाही मूल्यमापनाचाच एक प्रकार होता. काही शब्द त्यातून गळाले, काही रुळले.

आज तंत्रशिक्षण परिषदेच्या 'अनुवादिनी' या साधनाच्या साहाय्याने अभियांत्रिकीची पाठ्यपुस्तके भारतीय भाषांत आणली जात आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली निकालांच्या भाषांतरासाठी 'सुवास' ही प्रणाली सुरू केली. उद्देश स्तुत्य आहेत. परंतु यंत्राने सुचविलेली संज्ञा वाद न होता अवतरते. तिच्यावर हसायचे तर कोणाला हसायचे, आणि दुरुस्ती कोणाकडे पाठवायची, हे वाचकाला कळत नाही.

पदव्युत्तर वर्गात याचा प्रत्यय रोज येतो. इंग्रजीतील सैद्धान्तिक लेख विद्यार्थी यंत्राकडून मराठीत करून घेतात. फूकोच्या 'डिस्कोर्स'चे तिथे 'प्रवचन' झालेले असते, आणि मराठीत प्रवचन सप्ताहात ऐकायचे असते. देवनागरी समान असल्याने हिंदी संज्ञा अलगद आत येतात : समीक्षेऐवजी 'आलोचना', कादंबरीऐवजी 'उपन्यास', आणि 'विमर्श' तर इतका की तो मराठीच आहे असे नव्या पिढीला वाटू लागले आहे. 'शिक्षा' या शब्दाचा हिंदी अर्थ मराठीत उलटतो हे विद्यार्थ्याला ठाऊक असते, म्हणून तिथे तो सावध राहतो. 'विमर्श'बाबत त्याला सावध करणारे काही नाही.

६

या साऱ्यावरून यंत्र त्याज्य आहे असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि ते अन्यायाचेही होईल. मी ज्या विद्यार्थ्यांना शिकवितो त्यांच्यातील अनेकांच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेले हे पहिलेच माणूस. इंग्रजी ग्रंथ त्यांच्या आवाक्याबाहेर होते. ग्रंथालयातल्या भाषांतरित पुस्तकांवर आणि शिक्षकांच्या टिपणांवर त्यांची भिस्त होती. आज रात्री अकरा वाजता, दिवसभर रानात काम करून आल्यावर, एखादी मुलगी मूळ इंग्रजी परिच्छेद समोर ठेवून त्यातले अवघड वाक्य यंत्राला विचारू शकते, पुन्हा विचारू शकते, आणि तिच्या प्रश्नाला कोणी हसत नाही. शिक्षकाला दुसऱ्यांदा विचारण्याचा संकोच किती विद्यार्थ्यांनी आयुष्यभर वागविला, हे आपणां सर्वांना माहीत आहे. हा लाभ लहान नाही.

हानी दुसऱ्या ठिकाणी आहे. विद्यार्थी आपले स्वतःचे मराठी लेखन यंत्राकडे 'सुधारण्यासाठी' देतात. परत आलेला मजकूर स्वच्छ असतो, परिच्छेद समतोल असतात, शेवटी सारांश असतो. मूळ लेखनातला 'लेकरू' जाऊन 'मूल' आलेले असते, 'माय'ची 'आई' झालेली असते. शुद्धलेखन सुधारले जाते हे चांगलेच. परंतु शुद्धलेखनाची चूक आणि बोलीचे रूप यांत यंत्र फरक करीत नाही, आणि विद्यार्थीही तो करायला विसरतो. बी. रघुनाथांनी परभणीच्या परिसराला मराठी साहित्यात स्थान मिळवून दिले. नरसीचे नामदेव आणि गंगाखेडच्या जनाबाई याच भूमीतले. ज्या प्रदेशाची बोली साहित्याच्या केंद्राशी होती त्या प्रदेशातल्या विद्यार्थ्याला आपली भाषा दुरुस्तीला टाकायची वस्तू वाटावी, हा भाषाशिक्षणाचा पराभव आहे. शिक्षकांनीही लाल शाईने हेच केले, हा आक्षेप खरा आहे. पण लाल शाईच्या वर्गात प्रतिवाद करायला जागा होती, आणि ग्रामीण व दलित साहित्याच्या चळवळींनी तो प्रतिवाद यशस्वीपणे केला. यंत्राची दुरुस्ती सौम्य, विनम्र आणि खासगी असते. तिच्याविरुद्ध चळवळ कशी करणार?

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बोरीची मराठी हीसुद्धा सर्वांची भाषा नाही. जिंतूर तालुक्यातील तांड्यांवरून येणाऱ्या मुलांची घरची भाषा गोरमाटी आहे. त्यांच्यासाठी 'करायलीय'ही शाळेत आणि बाजारात शिकलेले रूप. ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही, आणि म्हणून २२ भाषांच्या कसोटीसंचातही नाही. तिच्या बाबतीत यंत्र चुकते की बरोबर असते, हा प्रश्न विचारण्याची सोयच उपलब्ध नाही. 'कोणतीही भाषा मागे राहू नये' असे म्हणणाऱ्या यादीलाही शेवट असतो, आणि त्या शेवटाच्या पलीकडे माणसे असतात. बोलीचा अभिमान बाळगणाऱ्या माझ्यासारख्या मराठी शिक्षकाने तांड्यावरच्या मुलीच्या मराठीचे मूल्यमापन कसे केले, हाही या चर्चेचा भाग असला पाहिजे.

७

मग निकष कोणता? तेराव्या शतकातील एक प्रसंग महानुभावांच्या 'स्मृतिस्थळा'त नोंदलेला आहे. पंडित केशिराज हे संस्कृतचे मोठे जाणकार. संस्कृतात ग्रंथरचना करण्याकडे त्यांचा ओढा होता. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले ते या कारणाने की, त्यामुळे आपल्या साध्या म्हाताऱ्या त्या ज्ञानाला मुकतील. हा प्रसंग मराठीच्या अभिमानाचा दाखला म्हणून नेहमी सांगितला जातो. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हाही त्याची आठवण काढली गेली. मला त्यात मूल्यमापनाचा निकष दिसतो. केशिराजांचे संस्कृत सदोष होते, असे नागदेवाचार्यांनी म्हटलेले नाही. गुणांक काढला असता तर तो उत्तमच आला असता. त्यांनी विचारलेला प्रश्न, या भाषेने कोण वंचित होते, हा होता.

हा निकष व्यवहारात आणणे अशक्य नाही. मराठीच्या विभागांनी आपले कसोटीसंच स्वतः सिद्ध करावेत. ते इंग्रजीतून न येता मराठीतून निघावेत : बाजारातले संवाद, सालगड्याशी पाडव्याला होणारे बोलणे, मयतीच्या घरी बोलायची भाषा, लग्नाच्या याद्या. एका वाक्याला एकच संदर्भ-भाषांतर न देता नागपूर, परभणी, कोल्हापूर, सावंतवाडी येथील निराळी रूपे मान्य करावीत. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी केलेले बोलींचे सर्वेक्षण यासाठी तयार पाया आहे. चुकीचे वजन शब्दसंख्येवर न ठरवता परिणामावर ठरवावे, म्हणजे 'दुबार पेरणी'ची चूक 'मूल' आणि 'लेकरू' यांच्यातील फरकापेक्षा जड भरेल. मराठवाड्यातील निजामकालीन जमिनीच्या आणि महसुलाच्या नोंदी उर्दूत आणि मोडीत आहेत. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने त्या दप्तरातून बाहेर निघाल्या, आणि एका शब्दाच्या वाचनावर कुटुंबांचे भवितव्य किती अवलंबून असते हे सर्वांनी पाहिले. अशा नोंदींच्या वाचनात यंत्राची मदत घ्यायची असेल, तर कोणत्या चुकीची किंमत कोण मोजतो, हे आधी लिहून ठेवले पाहिजे.

हे काम प्रयोगशाळांवर सोपविता येणार नाही. आणि प्रयोगशाळांशी बोलल्यावाचून ते होणारही नाही. त्यासाठी समीक्षकाला जुळणीच्या मोजणीचे गणित समजून घ्यावे लागेल. ते फार अवघड नाही. संरचनावादाची परिभाषा आपण याहून अधिक कष्टाने आत्मसात केली. माझ्या वर्गातील वाक्यांची वही आता बरीच जाड झाली आहे. प्रत्येक वाक्याखाली विद्यार्थ्याने ते कोठे ऐकले, कोण कोणाला म्हणाले, आणि यंत्राने त्याचे काय केले, हे लिहिलेले आहे. येत्या सत्रात तांड्यावरच्या विद्यार्थ्यांनी तिला गोरमाटीचा एक रकाना जोडायचे ठरविले आहे. त्या रकान्यातील वाक्ये तपासण्याची पात्रता माझ्यात नाही. ती तपासणी त्यांच्या घरची माणसे करणार आहेत.